‘फॅमिलीसाठी बेस्ट’ धबधबा

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते.

जून २०२४मध्ये मी एका ठिकाणी ‘पावसात भिजायला जायची दहा ठिकाणं’ अशी यादी लिहिली होती. शब्दमर्यादा आठशे, डेडलाइन संध्याकाळी सहाची आणि मानधन... जाऊ दे. दहापैकी चार ठिकाणी मी स्वतः गेले होते. दोन ठिकाणं मैत्रिणींच्या फोटोंत बघितली होती. उरलेली चार कुठून आली, हे फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. प्रत्येक ठिकाणापुढे दोन-तीन शब्दांचा शेरा टाकायचा होता. ‘कपल्ससाठी रोमँटिक’, ‘ग्रुपसाठी फुल टू धमाल’, असं काहीबाही. त्यातल्या तीन धबधब्यांपुढे मी बिनधास्त ठोकून दिलं होतं, ‘फॅमिलीसाठी बेस्ट’.

यादी छापून आली. आणि ३० जूनच्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्याच एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. वाढत्या पाण्यात एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं... तो व्हिडिओ तुम्हीही बघितला असेल. मी पूर्ण बघू शकले नाही.

भुशी माझ्या यादीत नव्हतं. पण त्या रात्री मी माझीच यादी उघडून बसले. ‘फॅमिलीसाठी बेस्ट’ लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कोणाची फॅमिली होती? खरं सांगू, कोणाचीच नव्हती. जाहिरातीत असते ना तशी, तिशीतला हँडसम बाबा, केस उडणारी आई आणि खिदळणारी दोन मुलं. त्या फॅमिलीत कोणाचे गुडघे दुखत नाहीत, कोणाची अँजिओप्लास्टी झालेली नसते आणि कोणाला दर तासाला बाथरूमला जायचं नसतं.

आणि मग पुढच्याच पावसाळ्यात माझ्या स्वतःच्या फॅमिलीला धबधब्याला न्यायची वेळ माझ्यावर आली!

१९९१ची झोप

त्याआधी थोडा फ्लॅशबॅक. आईबाबांचं लग्न डिसेंबर १९९१चं. हनिमूनला अर्थातच गोवा. तेव्हा पुण्याहून रेल्वेनं गोव्याला जायचं तर मिरजेला गाडी बदलायला लागायची, कारण पुढे मीटरगेज. ती छोटी गाडी रात्रभर डुगडुगत जायची आणि सकाळी कॅसलरॉकनंतर घाट उतरायला लागायची. ‘कॅसलरॉक ते कुळे, दर सदतीस फुटांना एक फूट उतार’ हे वाक्य मी बाबांच्या तोंडून किमान शंभर वेळा ऐकलंय. बाबा बँकेतून रिटायर झाले, पण जीव सगळा रेल्वेत. पोर्तुगीज काळात, १८८०च्या दशकात टाकलेला हा मार्ग म्हणजे त्यांची पंढरी.

त्याच घाटात, बोगद्यांच्या मधोमध, एका पुलावरून गाडी थेट दूधसागरच्या पुढ्यातून जाते. ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्यानं कोसळणारं पाणी आणि त्याच्या कमरेवरून जाणारी आपली गाडी. सगळा खेळ काही सेकंदांचा.

बाबांनी तो बघितला. आई झोपली होती. बाबांनी तिला उठवलं नाही.

‘इतकी शांत झोपली होती, उठवणार कसं?’ हे बाबांचं स्टेटमेंट. ‘स्वतः दार धरून उभे होते. बायको बरोबर आणलीये हेच विसरले होते,’ हे आईचं. गेली चौतीस वर्षं हा खटला आमच्या घरात चालू आहे. कोणी एखादी गोष्ट वेळेवर सांगितली नाही की आई म्हणते, ‘केलात ना दूधसागर!’ मी दहावीचा एक पेपर वाईट गेल्याचं रिझल्टपर्यंत लपवलं होतं, तेव्हासुद्धा मी दूधसागरच केला होता.

तर जुलै २०२५मध्ये दादानं जेवताना जाहीर केलं की त्याचं जर्मनीचं फायनल झालंय. जानेवारीत तो, वहिनी आणि आमचं पिल्लू (म्हणजे माझा पाच वर्षांचा भाचा) तिकडे जाणार. दोन-तीन वर्षं तरी परत नाही. टेबलावर एकदम शांतता. आईनं आमटी वाढायला घेतली आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, ‘जायच्या आधी एकदा सगळे मिळून दूधसागरला जाऊ या.’

आता याला नाही कोण म्हणणार?

जुलैच का?

रात्री बारापर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार. नाव ‘दूधसागर २.०’. बाबांचा पहिला मेसेज, ‘लगेच जायला हवे. पाणी आत्ता आहे. ऑक्टोबरनंतर काय, नळ बघायचा का?’ दादानं अंगठा दाखवला. माझ्याकडे बघून सगळे म्हणाले, ‘तू पत्रकार आहेस, तू कर प्लॅन.’ पत्रकार म्हणजे ट्रॅव्हल एजंट, हा आमच्या घरातला जुना गैरसमज आहे.

मी माहिती काढायला बसले आणि पहिल्याच दिवशी बाबांच्या प्लॅनवर पाणी पडलं. दूधसागरला रस्त्यानं जायचं तर गोव्यात कुळे गावी जायचं आणि तिथून ठरलेल्या जीपनं जंगलातून दहा-बारा किलोमीटर आत. स्वतःची गाडी चालत नाही. वाटेत ओढे आडवे येतात आणि जीप त्यातून पाणी उडवत जाते. पावसाळ्यात हेच ओढे फुगतात, म्हणून जीप बंद. त्या साधारण ऑक्टोबरात परत सुरू होतात.

‘मग रुळांवरून चालत जाऊ. माझ्या ऑफिसचा ग्रुप गेला होता,’ दादा.

हे मी तुम्हालाही सांगते, कारण तुमच्याही ऑफिसात असा एक ग्रुप असतोच. रुळांवरून चालत जाणं हा गुन्हा आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १४७नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुलै २०२३मध्ये असे शेकडो ट्रेकर्स दूधसागरला अडवले गेले आणि त्यातल्या काहींना रेल्वे पोलिसांनी चक्क उठाबशा काढायला लावल्या. लोक ते व्हिडिओ बघून हसले. पण बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा किती असते, याचा विचार करा. त्याच महिन्यात नेत्रावळी अभयारण्यातल्या धबधब्यावर दोन जण बुडाले आणि गोव्याच्या वन खात्यानं धबधब्यांवर जायलाच बंदी घातली होती.

बाबा ऐकायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं एकच, ‘नंतर पाणी कमी होतं.’ बरोबरच आहे की. धबधबा सगळ्यात देखणा असतो तेव्हाच सगळ्यात धोक्याचा असतो. वर डोंगरात धो धो पाऊस झाला तर खाली ऊन पडलेलं असतानाही पाणी एकदम वाढतं. आधी रंग बदलतो, गढूळ होतो. मग पानं, काटक्या वाहून यायला लागतात, आवाज जड होतो. पाण्यात बसून वडापाव खाणाऱ्याला हे कळेपर्यंत काठ लांब गेलेला असतो. एकटा तरुण माणूस कदाचित उडी मारून बाहेर येईल. फॅमिली येत नाही. एकानं पोराला उचललेलं असतं, एकानं आजीचा हात धरलेला असतो आणि कोणी कोणाला सोडत नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं आणि पाठवायच्या आधी दोनदा खोडलं. शेवटी पाठवलं. खाली एवढंच लिहिलं, ‘भुशी आठवतं ना?’

बराच वेळ कोणाचा रिप्लाय नाही. मग आईचा आला. तिला टायपिंगचा कंटाळा, म्हणून व्हॉइस मेसेज. ‘अगं, चौतीस वर्षं थांबले ना मी? आणखी चार महिन्यांनी काय बिघडतंय? दिवाळी झाली की जाऊ.’

मला वाटतं, खरा घोळ इथेच होतो. ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ हे वाक्य ट्रिपच्या प्लॅनिंगमध्ये शिरलं की आपण कायच्या काय करायला लागतो. दादा जाणार म्हणून जुलै. सुट्टी एकच म्हणून रविवार. इतक्या लांब आलोय म्हणून पाण्यात उतरायचंच. आमच्याकडे ज्या बाईचा हक्क सगळ्यात जुना होता, तिनंच घाई नको म्हटलं, म्हणून सुटलो.

आजीचे तीन प्रश्न

आता टीम बघा. बाबा ६१, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. आई ५८, उजवा गुडघा पाऊस यायच्या आधी वेधशाळेला कळवतो. दादा-वहिनी ठणठणीत. पिल्लू पाच वर्षांचं, ऊर्जा अणुभट्टीची, ऐकण्याची क्षमता शून्य. मी. आणि आजी, वय वर्षं ८२.

मी एक्सेल शीट केली होती. हॉटेलं, रेट्स, रिव्ह्यूज, सनसेट पॉइंट. चार दिवस खपून केलेला तो तक्ता लॅपटॉपवर आजीला दाखवला. तिनं चष्मा लावून कौतुकानं बघितला आणि म्हणाली, ‘छान गो. आता मला तीन गोष्टी सांग. चालायचं किती, बसायला कुठे मिळेल आणि बाथरूम कुठे आहे?’

माझ्या शीटमध्ये सव्वीस कॉलम होते. यातला एकही नव्हता.

मग मी कुळ्याच्या एका जीपवाल्या दादांचा नंबर मिळवला आणि सरळ फोन लावला. इंटरनेटवर तीन तास घालवून जे कळलं नाही ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. जीप धबधब्यापर्यंत जात नाही. जिथे थांबते तिथून पुढे दगडगोट्यांतून चालायचं. धडधाकट माणसाला पंधरा मिनिटं, गुडघेवाल्याला अर्धा तास. जीपमध्ये हाडं खिळखिळी होतात. ‘बाथरूमचं सगळं कुळेलाच उरकून घ्या, आत तसलं काही धरून चालू नका,’ ते म्हणाले. आजींचं वय विचारलं, मी सांगितलं. पलीकडे दोन सेकंद शांतता.

‘ताई, त्यांना जीपनं नका आणू. तांबडी सुर्लाला न्या. गाडी जवळपर्यंत जाते. देऊळ बघतील, पाण्याचा आवाज ऐकतील, खूश होतील.’

मी आजीला जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, ‘हा मनुष्य शहाणा आहे. त्याचीच जीप घ्या.’

माझी नवी यादी

दोन उन्हाळ्यांपूर्वीच्या त्या यादीचं प्रायश्चित्त म्हणून ही घ्या नवीन. फक्त दूधसागरसाठी नाही, कुठल्याही जंगलातल्या धबधब्याला चालेल.

एक. प्लॅन सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसापासून सुरू करा. तिला किंवा त्याला काय झेपेल ते आधी विचारा, हॉटेल नंतर बघा. आणि विचारा म्हणजे खरंच विचारा, परस्पर ठरवू नका. ‘आजीला नाही जमणार’ हे आजीनं म्हणायचं असतं.

दोन. पावसाळा संपल्यावर जा. दूधसागरला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी भरपूर असतं आणि खाली पायही ठेवता येतो. जीप कधी सुरू झाल्या आणि बुकिंग कसं करायचं, हे त्या वर्षीचं त्या वर्षी विचारून घ्या.

तीन. शनिवार-रविवार टाळा. एक दिवसाची रजा टाका. बॉस काय, नेहमीच नाराज असतो.

चार. लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. ‘मला पोहता येतं’ म्हणणाऱ्या काकांनासुद्धा. पोहणं तलावात शिकलेलं असतं. इथे खाली खडक असतात आणि खोली एका पावलात बदलते.

पाच. लहान मुलाची जबाबदारी एकाच माणसावर, नाव घेऊन द्या. ‘सगळे बघतायत’ म्हणजे कोणीच बघत नसतं. दर अर्ध्या तासानं ड्युटी बदला, तीही मोठ्यानं सांगून.

सहा. खायच्या पिशव्या उघड्या नेऊ नका. माकडं तुमच्यापेक्षा हुशार आहेत. प्लॅस्टिक तर नकोच.

सात. आत मोबाइलला रेंजचा भरवसा नाही. कोण किती वाजता कुठे भेटणार, हे निघतानाच ठरवा, तोंडी.

आठ. पाणी गढूळ दिसलं, वर ढग दाटले, गार्डनं शिट्टी मारली तर निघा. फोटो राहिला तर राहिला.

सात सीटांची जीप

दिवाळी झाली आणि नोव्हेंबरात निघालो. मुक्काम मोलेला. पहिल्या दिवशी सगळे मिळून तांबडी सुर्ला. कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, चहूबाजूंनी जंगल, बाजूनं वाहणारी नदी. आजी नदीकाठी दगडावर अर्धा तास बसून होती. पिल्लू शेजारी. ती त्याला काय सांगत होती कोणास ठाऊक, पण अणुभट्टी शांत होती. वहिनी हळूच म्हणाली, ‘आईंना सांग, जर्मनीला आजींनाच नेऊ या.’

संध्याकाळी बाबा फॉर्मात आले. हे सगळं भगवान महावीर अभयारण्य, २४० चौरस किलोमीटर, त्यातलं १०७ चौरस किलोमीटर मोले राष्ट्रीय उद्यान. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, तो इथे आहे. बिबटे आहेत, नागराज आहे. मी त्यांना २०२०मधल्या मोले वाचवा आंदोलनाचं सांगितलं. या जंगलातून रेल्वेचा दुसरा रूळ, रुंद हायवे आणि विजेची मोठी लाइन न्यायची होती. गोव्यातली कॉलेजची पोरं, चित्रकार, शास्त्रज्ञ सगळे विरोधात उतरले आणि मे २०२२मध्ये सुप्रीम कोर्टानं दुसऱ्या रुळाला दिलेली मंजुरी रद्द केली. मला वाटलं, रेल्वेभक्त चिडणार. बाबा थोडा वेळ झाडांकडे बघत बसले आणि म्हणाले, ‘एक रूळ पुरे आहे इथे.’ त्यांच्या तोंडून रेल्वेविरोधी निघालेलं हे पहिलंच वाक्य असावं!

रात्री प्रश्न आला. उद्या जीपनं आपण जाणार, मग आजीपाशी कोण थांबणार? मी म्हटलं मी थांबते, वहिनी म्हणाली मी थांबते. आजी म्हणाली, ‘मला कोणी राखण नको, मी काय पळून जातेय?’ बाबा काहीच बोलले नाहीत. सकाळी सगळे आवरून बाहेर आलो तर बाबा व्हरांड्यात लुंगीवर, हातात चहा.

‘अहो, आवरा ना! जीप थांबायची नाही,’ आई.

‘तुम्ही व्हा पुढे. मी थांबतो आईपाशी.’

‘पण तुम्हालाच तर...’

‘मी बघितलाय,’ बाबा म्हणाले. ‘तू बघून ये.’

आई काही बोलली नाही. पर्स उचलली आणि जीपकडे चालायला लागली. मग परत आली आणि बाबांना म्हणाली, ‘दुपारच्या गोळ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहेत.’ आमच्या घरात यालाच आय लव्ह यू म्हणतात.

जीपमध्ये सीट सात. आम्ही पाच, उरलेल्या दोनवर हुबळीचं एक नवं जोडपं. ओढ्यातून जीप गेली तेव्हा पिल्लू किंचाळलं, वहिनी किंचाळली आणि सगळ्यात मोठ्यानं दादा किंचाळला. उतरल्यावर आईच्या हातात काठी दिली, एका बाजूला मी, एका बाजूला दादा. दगडांतून अर्धा तास लागला. मधे ती दोनदा बसली. एकदा म्हणाली, ‘तुम्ही जा पुढे, मी इथूनच ऐकते.’ दादा म्हणाला, ‘आई, मी जानेवारीत जाणार आहे. आत्ता मला काही घाई नाहीये.’ ती उठली.

आणि मग झाडं संपली. वर्णन नाही करत. दुधासारखं दिसतं म्हणून दूधसागर, एवढं सगळ्यांनाच माहितीये. पाणी जुलैपेक्षा नक्कीच कमी असणार. मला तर मान वर करून करून दुखायला लागली. पिल्लू लाइफ जॅकेटमध्ये काठाच्या उथळ पाण्यात, दादाची ड्युटी, दादाचे डोळे त्याच्यावर. आई एका दगडावर बसून नुसती बघत होती. तेवढ्यात वर, पाण्याच्या मधोमध असलेल्या पुलावर एक गाडी आली. इवलीशी, खेळण्यातल्यासारखी. दारात माणसं उभी दिसत होती.

‘तिथे होते तर मी,’ आई म्हणाली. ‘तिथे झोपले होते!’ आणि एकटीच हसत सुटली.

खिडकी

परतीचं तिकीट मी मुद्दाम दुपारी मडगावहून निघून घाट चढणाऱ्या पुण्याच्या गाडीचं काढलं होतं. म्हणजे उजेडात दूधसागर. बाबांनी कुळ्यापासूनच सगळ्या डब्याला कामाला लावलं. ‘झोपू नका, आता येईल. हा बोगदा, मग दुसरा.’ समोरच्या बर्थवरच्या अनोळखी काकूंनाही त्यांनी उठवून बसवलं. आजीला खिडकी. पिल्लू दिवसभर दंगा करून माझ्या मांडीवर गाढ झोपलेलं.

ऊन उतरायला लागलं होतं. बोगद्यात अंधार, मग उजेड, परत अंधार. आणि मग आवाज आला आणि खिडकीत पांढरंच पांढरं. आजीनं हात जोडले. आई आणि बाबा दोघं दारापाशी उभे होते. ठीक आठ-दहा सेकंद. मग झाडं, मग बोगदा.

बाबा आईला म्हणाले, ‘बघितलंस ना? म्हणजे खटला संपला.’

आई म्हणाली, ‘कुठला? तेव्हा उठवलं असतंत तर आज एवढी वरात घेऊन आले असते का मी?’

म्हणजे निकाल नक्की कोणाच्या बाजूनं लागला, हे बाबांना पुण्यापर्यंत कळलं नाही.

लोंढ्याच्या सुमारास पिल्लू उठलं. डोळे चोळत विचारलं, ‘आत्या, आला का धबधबा?’

डब्यात एकदम शांतता. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी आईकडे. सगळे मला म्हणाले, ‘केलास ना दूधसागर!’

दादा, तू परत येशील तेव्हाचं तिकीट मी आत्ताच धरून ठेवलंय. दिवाळीनंतरचं.